हाकेला ओ कोण देणार? : वृद्धांसाठी आपत्कालीन गजराची निवड

एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्तीच्या बाबतीत पडणे जेवढे धोक्याचे असते, तेवढाच आणि पुष्कळदा त्याहून अधिक धोका पडल्यानंतर मदत मिळेपर्यंतच्या काळात असतो. हाड मोडलेले नसले तरी गुडघ्यांत बळ नसल्यामुळे किंवा भोवळ ओसरलेली नसल्यामुळे ज्या व्यक्तीला जमिनीवरून उठता येत नाही, ती तासन्‌तास एकाच कुशीवर पडून राहिली, तर शरीराच्या भाराखाली दाबल्या गेलेल्या स्नायूंच्या पेशी फुटू लागतात आणि त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडांवर ताण येतो. वैद्यकात या अवस्थेला ‘ऱ्हॅब्डोमायोलिसिस’ म्हणतात. शिवाय पाणी न मिळाल्याने शरीर शुष्क होते, त्वचेला दाबाच्या जखमा होतात आणि न्यूमोनियाची शक्यता वाढते. तासाभराहून अधिक काळ असे पडून राहण्याला वृद्धवैद्यकात ‘लाँग लाय’ असे नाव आहे. ब्रिटनमध्ये 1981 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा व्यक्तींपैकी निम्म्या सहा महिन्यांच्या आत दगावल्याचे आढळले होते, आणि पडताना थेट इजा न झालेल्यांनाही हा धोका चुकला नव्हता.

गळ्यात किंवा मनगटावर बाळगायचे आपत्कालीन बटण हा जमिनीवरचा काळ तासांवरून मिनिटांवर आणण्याचा उपाय आहे. 2011 च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील लोकांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण 9.9 टक्के, तर गोव्यात 11.2 टक्के होते. मुले बंगळुरूला किंवा परदेशी आणि आईवडील पुण्या-नाशकात किंवा कोकणातल्या घरी, अशी कुटुंबे आता अपवादात्मक राहिलेली नसल्यामुळे या उपकरणांच्या जाहिराती आणि त्यांविषयीची विचारणा दोन्ही वाढली आहेत. मात्र ही खरेदी बहुधा उपकरणापासून सुरू होते, म्हणजे कोणते बटण घ्यावे, किती किमतीचे घ्यावे आणि त्यात जीपीएस असावे की नसावे, येथपासून. वास्तविक तिची सुरुवात दुसऱ्या टोकापासून, म्हणजे बटण दाबल्यावर घरात नेमके कोण आणि कोणत्या वाटेने पोहोचणार, या प्रश्नापासून व्हायला हवी.

या उपकरणांचा इतिहासही हेच सुचवतो. सत्तरच्या दशकात जर्मनीत घरगुती आपत्कालीन संदेशयंत्रणा आकाराला आली आणि अमेरिकेत अँड्रू डिब्नर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये ‘लाइफलाइन’ ही संस्था स्थापून तशीच सेवा रुजवली. या व्यवस्थेत वृद्धाजवळचे बटण बिनतारी संदेश पाठवत असे, टेलिफोनला जोडलेली पेटी तो पकडून ठरलेला क्रमांक फिरवत असे आणि पलीकडे बसलेला माणूस पेटीतल्या ध्वनिक्षेपकावरून बोलून कोणाला पाठवायचे ते ठरवत असे. बटण हा त्या सेवेचा एक लहानसा भाग होता आणि मोल होते ते पलीकडच्या माणसाचे. ब्रिटनमध्ये अशा सेवा अनेक ठिकाणी स्थानिक परिषदांमार्फत चालतात. भारतात तशी सार्वजनिक व्यवस्था नसल्यामुळे काही शहरांतील खासगी सेवा वगळता बहुतेक उपकरणे थेट नातेवाइकांच्या मोबाइलवर फोन लावतात, आणि मग पलीकडचा माणूस उभा करण्याची जबाबदारी कुटुंबावरच येते.

प्रथम ओ देणारा, मग बटण

ओ देणाऱ्यांची यादी करताना प्रेमापेक्षा अंतराचा विचार अधिक करावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोतील मुलाचे नाव यादीत पहिले ठेवणे साहजिक वाटत असले, तरी पुण्यातल्या दुपारी तेथे मध्यरात्र असते. शिवाय परदेशातून 112 हा आपत्कालीन क्रमांक फिरवला तर फोन त्या देशातल्या यंत्रणेकडे जातो किंवा लागतच नाही, आणि रुग्णवाहिकेसाठीचा महाराष्ट्रातील 108 हा क्रमांकही तेथून चालत नाही. म्हणून पहिला फोन दहा मिनिटांत दाराशी येऊ शकणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे शेजाऱ्यांना, त्याच गल्लीतल्या नातेवाइकांना किंवा सोसायटीच्या वॉचमनच्या चौकीला जावा, दुसरा त्याच शहरातल्या आप्ताला आणि दूरच्या मुलामुलींना त्यानंतर, हा क्रम हिताचा ठरतो. दूर राहणाऱ्यांनी आपल्यापाशी घराजवळच्या पोलिस ठाण्याचा आणि रुग्णालयाचा, देशाच्या व शहराच्या संकेतांकासह असलेला साधा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा, कारण तो जगातून कोठूनही लावता येतो.

यादीतल्या प्रत्येकाच्या फोनमध्येही थोडी तजवीज लागते. उपकरणातल्या सिमकार्डाचा क्रमांक नावानिशी साठवलेला नसेल तर अनोळखी क्रमांक म्हणून फोन कापला जातो, आणि रात्री फोन मूक करून झोपणाऱ्याला तो ऐकूच येत नाही. असा एखादा क्रमांक मूक अवस्थेतही वाजू देण्याची सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते, ती सुरू करून ठेवावी लागते. आणखी एक खाचखळगा म्हणजे काही उपकरणे एकामागून एक क्रमांक फिरवतात, पण व्हॉइसमेलने फोन घेतला तरी तो उचलला गेला असे समजून पुढचा क्रमांक लावायचे थांबतात. पलीकडच्या व्यक्तीने एखादे बटण दाबून पोच द्यावी लागते आणि तोवर यंत्र पुढे फोन लावत राहते, अशी रचना त्यामानाने भरवशाची असते. खरेदीपूर्वी विक्रेत्याला हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

दाराचा अडसर

फोन उचलला गेला आणि शेजारी धावत आले, तरी सेफ्टी डोअरला आतून कडी आणि मुख्य दाराला बोल्ट असेल, तर मदत जिन्यातच अडून राहते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना कडी लावल्याशिवाय सुरक्षित वाटत नाही आणि त्यांची ती भीती अनाठायी नसते. म्हणून कडीऐवजी बाहेरून किल्लीने उघडता येईल असे चांगल्या प्रतीचे लॅच बसवून त्याच्या किल्ल्या दोन विश्वासू घरी देणे, किंवा अंकांच्या कुलपाची छोटी भक्कम पेटी दाराशेजारी भिंतीत बसवून तीत किल्ली ठेवणे, असा मध्यममार्ग काढावा लागतो. आतून किल्ली लावून ठेवली असता बाहेरची किल्ली न फिरणारी काही कुलपे असतात, त्यामुळे लॅच घेताना ही बाबही पाहून घ्यावी लागते.

न्हाणीघराचे दार हा याच अडचणीचा दुसरा, अधिक अवघड भाग आहे. आपल्याकडच्या सदनिकांत ते बहुधा आतल्या बाजूस उघडते आणि आतली जागा इतकी अरुंद असते, की पडलेल्या माणसाचेच शरीर दाराला आडवे येते आणि बाहेरच्याला दार ढकलता येत नाही. सुताराकडून दाराची उघडण्याची दिशा बदलून घेणे आणि आतल्या बोल्टऐवजी बाहेरूनही सोडवता येणारी कडी लावणे, ही दोन कामे अनेक महागड्या उपकरणांपेक्षा जास्त उपयोगाची ठरतात. न्हाणीघरात ओढायची दोरी लावायची असेल तर ती फरशीपर्यंत पोहोचली पाहिजे. ब्रिटनमधील इमारतींच्या मार्गदर्शक नियमांत अशा लाल दोरीला दोन कड्या, त्यांतली खालची जमिनीपासून सुमारे 10 सेंटिमीटरवर, असाव्यात असे म्हटले आहे, ते याचसाठी. हात नीट पोहोचावा म्हणून उंचावर बसवलेले बटण उभ्या माणसाच्या कामी येते, पडलेल्याच्या येत नाही.

उपकरणांचे प्रकार

घरात दुसरे कोणी असेल, किंवा शेजारचे बिऱ्हाड भिंतीला भिंत लागून असेल, तर सर्वांत साधा उपाय म्हणजे बिनतारी दाराची घंटा होय. तिचे बटण वृद्धाजवळ आणि घंटा शेजाऱ्यांकडे किंवा वरच्या मजल्यावर ठेवता येते. काहीशे रुपयांत मिळणाऱ्या या घंटेला सिमकार्ड, इंटरनेट किंवा वर्गणी यांतले काहीच लागत नाही, मात्र बोलणे होत नाही आणि मधल्या भिंतींप्रमाणे तिचा पल्ला कमी होतो. दुसरा प्रकार घरात ठेवायच्या पेटीचा, जी बटणाकडून आलेला संदेश घेऊन फोन लावते आणि जिच्यातून मोठ्याने बोलता-ऐकता येते. ज्यांचा वावर घरातच असतो त्यांना ती सोयीची पडते. तिसऱ्या प्रकारात बटणातच सिमकार्ड, माइक आणि जीपीएस, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून ठिकाण सांगणारी योजना, असल्यामुळे फिरायला किंवा देवळात जाणाऱ्यांना ते सोबत नेता येते. मात्र छपराखाली उपग्रहांचे संकेत क्षीण होत असल्याने इमारतीतील नेमका मजला किंवा खोली ते सांगेल, अशी अपेक्षा धरू नये.

चौथा प्रकार मनगटी स्मार्टवॉचचा. यांतली बरीच घड्याळे स्वतः फोन लावत नाहीत, तर जवळ असलेल्या मोबाइलमार्फत लावतात. त्यामुळे मोबाइल स्वयंपाकघरात आणि माणूस गच्चीवर असेल तर दुवा तुटतो. बहुतेक घड्याळे रोज किंवा एक-दोन दिवसांआड चार्ज करावी लागतात आणि ते काम रात्रीवर टाकले जाते, म्हणजे अंधारात न्हाणीघराकडे जाण्याच्या धोक्याच्या वेळी ते घड्याळ टेबलावर असते. ज्यांना घड्याळ वापरायचे आहे त्यांनी चार्जिंगसाठी सकाळी वर्तमानपत्र वाचण्याची, खुर्चीत बसून राहण्याची वेळ ठरवून घ्यावी.

हातातला साधा मोबाइलही या कामी विसरता कामा नये. दूरसंचार विभागाच्या नियमानुसार 1 जानेवारी 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये आपत्कालीन बटणाची सोय असणे बंधनकारक झाले. साध्या फोनमध्ये 5 किंवा 9 ही कळ दाबून धरल्याने आणि स्मार्टफोनमध्ये चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीनदा दाबल्याने आपत्कालीन फोन लागावा, असे हा नियम सांगतो. ही सोय विनाखर्च असली तरी पडलेल्या माणसाजवळ फोन असेलच असे नसते, म्हणून ती मुख्य आधार न मानता जोडीचा उपाय मानणे योग्य ठरते.

आपोआप पडझड ओळखणे

बेशुद्ध झालेल्या किंवा पक्षाघाताने हात उचलता न येणाऱ्या व्यक्तीला बटण दाबता येत नाही, या उणिवेवर तोडगा म्हणून पडणे आपोआप ओळखणारी उपकरणे आली. 2018 मध्ये ॲपल वॉचच्या चौथ्या मालिकेत ही सोय आल्यावर तिचा बोलबाला झाला. अशा उपकरणात वेगातील बदल मोजणारा ‘अ‍ॅक्सेलरोमीटर’ आणि वळण्याची गती मोजणारा ‘जायरोस्कोप’ असे दोन सूक्ष्म संवेदक असतात. एकाएकी खाली जाणे, मग जोराचा आदळ आणि त्यानंतर हालचाल थांबणे, अशी मालिका दिसली की यंत्र पडल्याचा निष्कर्ष काढते आणि ठरावीक वेळ वाट पाहून फोन लावते. या रीतीची मर्यादा तिच्या मुळातच आहे, कारण वृद्धांचे पडणे पुष्कळदा आदळण्यासारखे नसतेच. ते पलंगाच्या कडेवरून घसरत, भिंतीचा आधार घेत, सावकाश खाली बसतात आणि मग उठू शकत नाहीत. असे घसरणे यंत्राच्या नजरेतून सुटू शकते. उलट धप्पकन सोफ्यावर बसणे किंवा हात जोरात आपटणे यांची गणना पडण्यात होऊन खोटा गजर होतो. वारंवार खोटे गजर झाले की शेजारी कंटाळतात आणि वृद्ध ओशाळून उपकरण काढून ठेवतात. त्यामुळे ही सोय अधिकची म्हणून घ्यावी आणि तिच्या भरवशावर हाताने दाबायचे बटण मात्र गाळू नये.

वीज, जाळे आणि रिचार्ज

ब्रिटनमध्ये तांब्याच्या तारांवरची जुनी दूरध्वनी सेवा बंद करण्याचे नियोजन झाले, तेव्हा सर्वांत गंभीर प्रश्न उभा राहिला तो या गजरांचा. जुन्या तारेला दूरध्वनी केंद्रातूनच वीज मिळत असल्याने घरातले दिवे गेले तरी गजर चालत असे, तर नव्या जोडणीत तो घरच्या राउटरवर अवलंबून राहतो. गजर निकामी झाल्याच्या गंभीर घटना समोर आल्यावर डिसेंबर 2023 मध्ये तेथे गजर वापरणाऱ्या ग्राहकांना नव्या जोडणीवर सक्तीने हलवणे थांबवावे लागले. भारतातील घरांनाही हा धडा तंतोतंत लागू पडतो. वायफायवर चालणारे उपकरण घेतले तर वीज गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर चालतो की नाही, आणि पेटीतली बॅटरी किती तास पुरते, हे आधी पाहावे लागते.

मोबाइल जाळ्याची अडचण वेगळी आहे. बाजारातील अनेक स्वस्त उपकरणे केवळ 2जी तंत्रावर चालतात. जिओची सेवा 2016 मध्ये सुरू झाली ती 4जीवरच, तिच्यात 2जी नाही, त्यामुळे तिचे सिमकार्ड अशा उपकरणात चालत नाही. शिवाय जुनी तंत्रे केव्हा तरी बंद होत असतात, त्यामुळे 4जीवर बोलण्याची, म्हणजे ‘व्होल्टी’ची सोय असलेले उपकरण घेणे दूरदृष्टीचे ठरते. ज्या कंपनीचे जाळे न्हाणीघरात आणि शेवटच्या खोलीत नीट मिळते, तिचेच सिमकार्ड निवडावे. त्या सिमकार्डाचा रिचार्ज संपला की बाहेर फोन लागत नाही, आणि उपकरण गळ्यात असूनही निरुपयोगी होते. घरातल्या एकाने दीर्घ मुदतीचा रिचार्ज करून त्याची तारीख स्वतःच्या दिनदर्शिकेत नोंदवून ठेवणे हा त्यावरचा साधा इलाज आहे.

वापरणाऱ्याचे शरीर आणि मन

केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्या लोकांची वर्षभर पाहणी करून 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून असे दिसले, की गजराची सोय पुष्कळांकडे होती, परंतु पडून दीर्घकाळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी ती वापरली नाही. याची कारणे यंत्रात कमी आणि माणसात अधिक असतात. बटण अंगावर नसणे, गोंधळून त्याची आठवण न होणे, स्वतः उठू अशी आशा असणे, कोणाला त्रास द्यायचा संकोच वाटणे, आणि बटण दाबले तर आता एकटे राहू देणार नाहीत, अशी धास्ती बाळगणे, ही त्यांतली काही. ‘मुलांना कशाला घोर लावायचा’ या विचाराने वेदना सोसत राहणाऱ्या पिढीला उपकरण हाती देण्याआधी, बटण चुकून दाबले गेले तरी कोणी रागावणार नाही, हा विश्वास द्यावा लागतो, आणि निवडीच्या चर्चेत त्यांचा शब्द शेवटचा ठेवावा लागतो.

उपकरणाचे रूप रोजच्या सवयींना जुळणारे असावे. अंघोळीला जाताना घड्याळ उतरवणे आणि पूजेच्या वेळी सोवळ्यात चामड्याचा पट्टा न चालणे, या सवयी उपदेशाने मोडत नाहीत. म्हणून पाण्यात चालणारा रबरी किंवा प्लॅस्टिकचा पट्टा निवडावा. वेष्टनावरील ‘आयपी 67’ या चिन्हातील 6 हा अंक धूळ पूर्ण रोखली जाते असे, तर 7 हा अंक एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी बिघाड होत नाही असे दर्शवतो, आणि न्हाणीघरासाठी एवढी क्षमता पुरेशी असते. गळ्यात घालायची दोरी ओढ बसताच सुटणारी हवी, नाही तर पडताना ती अडकून फास बसू शकतो. संधिवाताने बोटे आखडलेली असतील तर मोठे, हलक्या दाबाचे बटण हवे आणि कंपवात असेल तर चुकून दाबले गेल्यावर रद्द करायला थोडा अवधी देणारे हवे. ऐकू कमी येणाऱ्याला फोन लागल्याचे दिव्याने किंवा थरथरीने कळले पाहिजे. पक्षाघातात वाचा जाऊ शकते, म्हणून पलीकडून उत्तर आले नाही तरी मदत निघालीच पाहिजे, हे ओ देणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याच्या डोक्याला मार लागल्यास तो वरकरणी ठीक दिसला तरी डॉक्टरांना दाखवावे लागते, ही माहिती औषधांच्या यादीसह दाराच्या आतल्या बाजूस लावलेली बरी. स्मृतिभ्रंश असलेल्याकडून बटण दाबण्याची अपेक्षा धरता येत नाही, त्याच्यासाठी ठरलेल्या परिघाबाहेर गेल्यास सूचना देणारे उपकरण आणि मुख्यतः माणसाची सोबतच उपयोगी पडते.

करार, खासगीपण आणि तालीम

वर्गणी घेऊन चोवीस तास फोन घेणारी सेवा निवडायची असेल, तर फोन घेणारे मराठी बोलतात का, ते स्वतःची रुग्णवाहिका पाठवतात की 108 लाच कळवतात, वर्गणी थकली तर उपकरण पूर्ण बंद पडते का आणि कंपनीच बंद झाली तर त्यात दुसरे क्रमांक भरता येतात का, हे लेखी विचारून घ्यावे. ठिकाण, आवाज आणि प्रकृती यांची नोंद कोणाकडे किती काळ राहते, हेही विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. मुलांना काळजीपोटी घरात कॅमेरे बसवावेसे वाटतात, पण आईवडिलांच्या संमतीविना तसे करणे म्हणजे त्यांच्याच घरात त्यांच्यावर पाळत ठेवणे होय. ज्येष्ठांसाठीचा 14567 हा ‘एल्डर लाइन’ क्रमांक माहिती, सल्ला आणि तक्रार यांसाठी आहे, जिवावरच्या प्रसंगी मात्र 112 किंवा 108 हेच क्रमांक लावायचे असतात.

उपकरण घरी आले की एखाद्या रविवारी त्याची रंगीत तालीम घ्यावी. वृद्धाने, शक्य असल्यास, पलंगावर आडवे होऊन आणि घरातल्या दुसऱ्या कोणी न्हाणीघराच्या फरशीवर झोपून बटण दाबावे, फोन कोणाला आणि किती वेळाने लागतो ते पाहावे, बंद दाराआडून आवाज ऐकू जातो का हे तपासावे आणि शेजाऱ्यांनी खरोखर किल्ली काढून दार उघडावे. ही तालीम दर महिन्याला घेतली तर संपलेली बॅटरी, विसरलेला रिचार्ज, बदललेले कुलूप आणि गावी गेलेले शेजारी या चारही गोष्टी वेळेत ध्यानात येतात, आणि वृद्धांच्या हातालाही सवय होते. तालमीत दहा-पंधरा मिनिटांच्या आत कोणीच घरात पोहोचू शकले नाही, तर अधिक महागडे उपकरण घेऊन ती उणीव भरून निघत नाही. तेव्हा तोच पैसा रात्रीच्या सोबतीवर, शेजारच्या कुटुंबाला दिलेल्या मोबदल्यावर किंवा राहण्याचे ठिकाण बदलण्यावर खर्च करणे हाच त्या कुटुंबापुढचा योग्य पर्याय ठरतो.